महिना तुमचा, फॉर्म आमचा

एका बाईला पाचवा महिना होता आणि ती माता तपासणी केंद्रात तपासून घ्यायला गेली. चूक इथेच झाली. कारण त्या केंद्रात पाचव्या महिन्याच्या बाया नव्हत्याच. म्हणजे बाकड्यांवर होत्या, भिंतीला टेकून होत्या, जिन्याच्या पायऱ्यांवर पाय लांब करून होत्या. पण रजिस्टरात नव्हत्या. रजिस्टरात प्रत्येक बाई पहिल्या तीन महिन्यांच्या आतच यायची, आणि अशी सलग आठ महिने येत होती. वर्ष पुरं झालं की केंद्राला ढाल मिळणार होती. ढाल ठेवायला भिंतीत कोनाडासुद्धा पाडून झाला होता.

ही बाई शर्टांच्या कारखान्यात काज करायची. पुढे सात, मनगटाला दोन, एका शर्टाला नऊ भोकं, आणि असे दिवसाला दोनशे शर्ट. म्हणून तिला सगळे काजवालीच म्हणायचे. केंद्र उघडं असायचं मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते एक. कारखाना असायचा सोमवार ते शनिवार, नऊ ते सहा. आता हे गणित कुणी मुद्दाम मांडलं होतं असं नाही हां. दोघांनी आपापल्या सोयीने वेळ ठरवली, एवढंच. त्या मंगळवारी कारखान्याची मोटर जळाली, दुपारपर्यंत सुट्टी मिळाली, तेव्हा ती सासूला घेऊन धावत सुटली.

धावायला कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात गेलं होतं. आधी पाय सुजले, मग डोकं ठणकायला लागलं, मग डोळ्यांपुढे काजवे, मग झटका. शुद्धीवर आली तेव्हा पोट रिकामं आणि पाळणा परत दुकानात. या खेपेला तिने मनाशी पक्कं केलं होतं की काहीही होवो, हे बाळ हातात घ्यायचं.

नोंदणीच्या खिडकीत केंद्रप्रमुख स्वतः बसायचे. दुसऱ्या कुणी आकडा बिघडवला तर? त्यांना सगळे शंभर टक्के साहेब म्हणायचे. पाठीमागेही म्हणायचे आणि तोंडावरही. साहेबांना ते आवडायचं.

"कितवा?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"पाचवा."

पेन थांबलं. रांगेतल्या बाईचं खोकणं थांबलं. पंखा तेवढा फिरत राहिला, कारण त्याला परिपत्रक आलेलं नव्हतं.

"पाचवा चालत नाही."

"चालत नाही म्हणजे?" सासू पुढे सरसावली. "पोट आहे ते साहेब, फाटकी नोट आहे का?"

"आजी, तसं नाही. पाचवा लिहिला की 'उशिरा नोंदणी'च्या रकान्यात एक येतो. आठ महिने तिथे शून्य आहे. इतकं सुंदर शून्य आहे, की वरच्या ऑफिसातून दोनदा बघायला आले होते." मग साहेबांनी पहिल्यांदा काजवालीकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे, आणि दुखावल्यासारखे म्हणाले, "आधी का नाही आलीस गं?"

काजवालीने पिशवीत हात घातला. आत तिची बटणांची पत्र्याची डबी होती, ती काढून झाकण उघडायला लागली. "साहेब, मी..."

"जाऊ दे, जाऊ दे. झालं ते झालं," साहेब मोठ्या मनाने म्हणाले. "तुझ्यासाठी नाही, त्या बाळासाठी करतो. तिसरा लिहितो."

"पण पाचवा आहे."

"बाई, महिना तुमचा, फॉर्म आमचा."

आणि लिहिला की! कॉम्प्युटरने लगेच बाळंतपणाची तारीख काढून कार्डावर छापली. सासूने तिथेच बोटांची पेरं मोजली, दुसऱ्यांदा मोजली, आणि म्हणाली, "अहो, हे अकरा महिने होतात. म्हशीलासुद्धा दहा पुरतात."

"आजी, कॉम्प्युटर आहे तो. चुकत नाही."

"मग बाळाला सांगा, कार्ड वाचून ये म्हणावं."

"पुढची!" साहेब ओरडले.

केंद्राच्या बाहेर आल्यावर काजवालीने कार्ड उलटसुलट करून बघितलं. वर एक हसरी आई, तिच्या हातात एक गुबगुबीत बाळ, आणि खाली ठळक अक्षरांत: 'वेळेवर या, सुखरूप व्हा.' तिला वाटलं, असू दे. दोन महिने इकडे काय अन् तिकडे काय, कार्ड तर मिळालं! कार्ड मिळालं म्हणजे आता आपल्याला कुणीतरी बघणार. गरीब माणसाला कागद मिळाला की काम झाल्यासारखंच वाटतं, आणि कागद देणाऱ्यालाही तसंच वाटतं. इथे दोघांचं एकमत असतं.

कारखान्यात मात्र सुपरवायझर तिची वाटच बघत होता. तिथला नियम सोपा: सहा महिन्यांत चार खाडे झाले की मशीन दुसरीला. काजवालीचे तीन आधीच झाले होते. कशासाठी, ते त्याने विचारलं नव्हतं. त्याच्या वहीत खाड्याला तारीख असायची, कारण नसायचं.

"साहेब, महिन्यातून एकदा तासभर सोडाल का? तपासणी असते. रविवारी येऊन भरून काढीन."

"बाळ पोटात आहे ना?" सुपरवायझर म्हणाला. "हातात तर नाही? मग हात चालव."

तरी तासभर सोडायला तो तयार झाला. माणूस वाईट नव्हता. तासाच्या बदल्यात दोन रविवार एवढंच मागितलं त्याने.

पुढच्या महिन्यात सोनोग्राफी झाली. आता मशीनला काय कळतं? मशीनला कोनाड्याचं काही सांगितलेलं नव्हतं. तिने बाळ बघितलं आणि जे दिसलं ते छापून दिलं: सहा महिने. रिपोर्ट सिस्टरच्या हातात आला. सिस्टर म्हणजे केंद्रातली एकुलती एक व्यक्ती, जिला बायांचे चेहरे लक्षात राहायचे, आणि म्हणूनच तिची दोनदा बदली झाली होती. तिने एका हातात कार्ड धरलं, चौथा महिना. दुसऱ्या हातात रिपोर्ट धरला, सहावा महिना. आणि साहेबांकडे गेली.

"साहेब, दोन्हीपैकी एक तरी बदलायला हवं."

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला, भरपूर विचार केला. "काहीच बदलायला नको," ते म्हणाले. "कार्डही बरोबर, रिपोर्टही बरोबर. चार महिन्यांचं बाळ आहे, पण सहा महिन्यांएवढं आहे. म्हणजे बाळ मोठं आहे. 'वयाच्या मानाने अवाजवी वाढ.' आहे आपल्याकडे तसा रकाना."

आणि रकाना आहे म्हटल्यावर त्याच्यापुढची कारवाईही होतीच. अवाजवी वाढलेल्या बाळाच्या आईला पौष्टिक पाकीट द्यायचं नाही. तिला आहारावर नियंत्रणाचा सल्ला द्यायचा. सिस्टरने खाली मान घालून कार्डावर शिक्का मारला: 'खाणे कमी करावे.'

सासूला वाचता येत होतं, हीच पंचाईत.

"कमी करावे?" तिने तो शिक्का बोटाने चोळून बघितला, जातो का म्हणून. "सिस्टरबाई, कमी करते ती. पण आधी ते खाणं कुठे आहे ते दाखवा, म्हणजे कशातून कमी करायचं ते तरी कळेल. सकाळी चहाबरोबर शिळी पोळी खाऊन जाते, ती संध्याकाळीच घरी येते. बाळ फुगलंय ते काय भोकं खाऊन? दिवसाला अठराशे भोकं पाडते ती, तीही दुसऱ्यांच्या शर्टांना!"

"मावशी, मला कळतं हो," सिस्टर हळूच म्हणाली. "पण शिक्का मारला नाही तर कार्ड पुढे सरकत नाही."

"सरकून जातंय कुठे ते?"

 सिस्टरने इकडे तिकडे बघितलं, टेबलाच्या खणातून एक पौष्टिक पाकीट काढून काजवालीच्या पिशवीत कोंबलं आणि मोठ्याने म्हणाली, "खाणं कमी करा हां!" बाहेर साहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

आठवा महिना लागला. कार्डावर सहावा. एक दिवस काजवालीची चप्पल पायात शिरेना. सासूची घातली, ती मोठी होती, तीही शिरेना. तिने ते कुणाला सांगितलं नाही. मग डोकं ठणकायला लागलं, एकाच बाजूने, मशीनच्या सुईसारखं टकटकटक. मग शर्टाला काज पाडताना एका भोकाची दोन दिसायला लागली. ही वाट तिने आधी बघितलेली होती. या वाटेवरची एकेक खूण तिला पाठ होती.

त्या गुरुवारी तिने तास मागितला नाही, सरळ उठली आणि निघाली. सुपरवायझर मागून ओरडला, "चौथा धरू का?"

"धरा!" ती म्हणाली. झालं. मशीन गेलं.

केंद्रात ती रांग मोडून सिस्टरपुढे जाऊन उभी राहिली. "सिस्टर, मागच्या वेळी असंच झालं होतं. माझं बीपी बघा."

सिस्टरने कार्ड बघितलं. "बीपीचा रकाना सातव्या महिन्यात उघडतो गं. तुझा सहावा आहे."

"माझा आठवा आहे. तुम्हाला माहितीये."

"मला माहितीये," सिस्टर म्हणाली. "कॉम्प्युटरला माहीत नाही."

पण तिने दार लोटलं, तिला बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि फुगा दाबला. काटा चढला. सिस्टरचा चेहरा उतरला. एकशे सत्तर! ती उठून कॉम्प्युटरवर गेली, आकडा टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, रकाना बंद आहे. पुन्हा टाकला. कॉम्प्युटर म्हणाला, मातेचा महिना तपासा. रजिस्टरात लिहावं तर रजिस्टरात त्या महिन्याला ती ओळच नाही. कोरा कागद घ्यावा तर कोरे कागद साहेबांच्या कपाटात, मोजलेले. शेवटी बिचारीने पेन घेतलं आणि आकडा स्वतःच्या तळहातावर लिहिला. "थांब इथेच. मी साहेबांना दाखवून येते. गोळ्या त्यांच्या सहीने निघतात."

आता साहेबांच्या दाराशी एक बेसिन होतं, आणि बेसिनवर एक पाटी होती: 'प्रत्येक रुग्णानंतर हात धुवा. पाहणी चालू आहे.' आणि खरोखरच त्या दिवशी पाहणी चालू होती. वरच्या ऑफिसातला एक माणूस हातात वही घेऊन बेसिनपाशी उभा होता.

"सिस्टर, हात," तो म्हणाला.

"एक मिनिट, मला आधी साहेबांना..."

"आधी हात."

सिस्टरने हात धुतले. साबण चांगला होता, पाहणीसाठी नवा आणलेला. केंद्राला त्या दिवशी स्वच्छतेचे पैकीच्या पैकी गुण मिळाले.

सिस्टर साहेबांपुढे जाऊन गुलाबी, स्वच्छ तळहात पसरून उभी राहिली. "साहेब, एकशे सत्तर होतं."

"कुठे होतं?"

"इथे."

साहेबांनी तळहात नीट बघितला. "इथे तर काहीच नाही," ते म्हणाले. आणि खरंच काही नव्हतं. "सिस्टर, नोंद नाही त्या आकड्यावर मी सही कशी करू? पुढच्या महिन्यात रकाना उघडला की पहिला नंबर तिचा लावा. आणि तिला म्हणावं आराम कर."

आराम करायला आता तिला वेळच वेळ होता, मशीन गेलं होतं ना! ती डाव्या कुशीवर पडून राहायची आणि पोटावर हात ठेवून मोजायची. लाथ मारली की एक. काज मोजायची सवय होती, ती इथे कामाला आली. नवरा रंगकामावरून आला की विचारायचा, "आज किती?" ती म्हणायची, "चाळीस." मग तो जेवायला बसायचा. एके दिवशी म्हणाली, "अकरा." तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून कळा सुरू झाल्या. नवव्या महिन्यात. कार्डावर सातवा लागला होता, आणि गंमत बघा, नेमका त्याच दिवशी बीपीचा रकाना उघडला होता.

आणि नेमका त्याच दिवशी ढाल येणार होती. वर्ष पुरं झालं होतं. केंद्राच्या फाटकापासून पायरीपर्यंत लाल गालिचा अंथरलेला, कोनाडा रंगवलेला, शंभर टक्के साहेब नव्या कोटात. त्या गालिच्यावरून काजवाली एका बाजूने नवऱ्याला आणि दुसऱ्या बाजूने सासूला धरून वाकत वाकत आली.

"अहो गालिचा, गालिचा!" साहेब धावले. मग कार्ड बघितलं आणि थबकले. "सातवा महिना? मग कळा कशा येतील?"

"आल्यात, साहेब," नवरा हात जोडून म्हणाला.

"येऊ शकत नाहीत. आलेल्या असतील तर ती अकाली प्रसूती झाली. अकाली प्रसूती आमच्याकडे होत नाही. वर्षभरात एक नाही झाली." त्यांनी कोनाड्याकडे बघितलं. "मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे काचेची पेटी असते. सात महिन्यांच्या बाळाला पेटी लागते. बाळासाठीच सांगतोय मी."

"भरलेत हो दिवस!" सासू किंचाळली. "तुमच्याच पेनाने दोन महिने चोरलेत तुम्ही!"

"आजी, आज पाहुणे येणार आहेत."

सिस्टर आतून पळत आली. तिला साहेबांनी खुणेनेच थांबवलं: पाहुण्यांना हार घालायला तीच होती. अँब्युलन्स मात्र ताबडतोब मागवली, हे मान्य करायला हवं. एवढ्या तत्परतेने त्या केंद्राने कधी कुणाला आत घेतलं नसेल, जेवढ्या तत्परतेने हिला बाहेर काढलं.

अँब्युलन्सवाला गाडी हाकता हाकता आरशातून म्हणाला, "सातव्यातच? जपायला नको का? आधी का नाही दाखवलंत?" काजवालीचा हात पिशवीकडे गेला, पण तेवढ्यात कळ आली.

पाऊण तासाने मोठा दवाखाना आला. तिथल्या डॉक्टरने स्ट्रेचरवरच पोटाला हात लावला, कार्ड बघितलं, पुन्हा पोट बघितलं आणि चिडला. "कोण म्हणतं सातवा? पूर्ण दिवसांचं बाळ आहे. पूर्ण दिवसांची साधी प्रसूती तुमच्या केंद्रातच व्हायला हवी, तसं परिपत्रक आहे. पेट्या आम्ही अकाली बाळांसाठी राखून ठेवतो. तुमच्यासारखे लोक आले की खऱ्या गरजूंना जागा उरत नाही." मग जाता जाता म्हणाला, "पाय बघा किती सुजलेत. बाई, आधी का नाही आलीस?"

आणि अँब्युलन्स उलटी फिरली. आता नीट बघा हां. कागदावर बाळ लहान होतं म्हणून केंद्राने घेतलं नाही, आणि पोटात मोठं होतं म्हणून दवाखान्याने घेतलं नाही. दोघांकडे परिपत्रक होतं. नियमाबाहेर कुणी बोटभरसुद्धा गेलं नाही. नियमाबाहेर होती ती एकटी काजवाली, रस्त्यावर, दीड तास.

केंद्राच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काजवे आले. मग झटका आला. अँब्युलन्स फाटकाबाहेरच उभी राहिली, कारण आत गालिचा होता आणि गालिच्यावर पाहुणे होते. भाषण चालू होतं. सासू गाडीतून उतरून आत पळाली, गालिच्याच्या मधोमध उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "सिस्टरबाई!"

सिस्टरने हातातला हार तिथेच टाकला. औषधांच्या कपाटाची किल्ली मागितली नाही, काच फोडली, सुई घेतली आणि फाटकाबाहेर धावली. सही नाही, नोंद नाही, रकाना नाही. तिने अँब्युलन्समध्येच इंजेक्शन दिलं आणि अँब्युलन्समध्येच बाळंतपण केलं. आत टाळ्या चालू होत्या. काजवाली वाचली.

बाळ पावणेतीन किलोचं होतं. चांगलं घडलेलं, बोटांना नखं आलेली, डोक्यावर दाट जावळ. पूर्ण दिवसांचं. ते रडलं नाही. सिस्टरने उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडाने फुंकर भरली, पुन्हा भरली. ते रडलंच नाही. सासूने ते आपल्या पदरात घेतलं आणि काजवाली शुद्धीवर आल्यावर तिच्या हातात दिलं. हातात घ्यायचं असं तिने ठरवलं होतं ना? घेतलं.

चौकशी झाली. व्हायलाच हवी, ढाल मिळालेल्या केंद्राच्या दारात असं काही झालं की चौकशी होते. तीन जणांची समिती बसली, मध्यभागी पाण्याच्या बाटल्या. सिस्टरकडून लेखी खुलासा मागवण्यात आला: फोडलेल्या काचेचा, नोंद नसलेल्या इंजेक्शनचा आणि पाहुण्यांना न घातलेल्या हाराचा. मग काजवालीला बोलावलं. ती सासूच्या खांद्याला धरून आली.

"बसा, बसा," अध्यक्ष कनवाळूपणे म्हणाले. "झालं ते फार वाईट झालं. पण आम्हाला एक सांगा. आधी का नाही आलात?"

या वेळी तिने विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. पिशवीतून पत्र्याची डबी काढली, झाकण उघडलं आणि आतून दोऱ्यात ओवलेल्या तीन चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या. केंद्राच्याच चिठ्ठ्या. केंद्राचाच शिक्का, केंद्राचीच तारीख.

पहिली, दुसऱ्या महिन्यातली: 'पत्त्याचा दाखला नाही. परत यावे.' दुसरी, त्यानंतरच्या मंगळवारची: 'आजच्या चाळीस रुग्णांची मर्यादा संपली. परत यावे.' तिचा नंबर होता एकेचाळीस. तिसरी, तिसऱ्या महिन्याच्या तोंडावरची, दारावरच्या शिपायाने शिक्का मारून दिलेली: 'केंद्र आज बंद. कर्मचारी प्रशिक्षण. विषय: मातांना लवकर नोंदणीस कसे प्रवृत्त करावे. परत यावे.'

तीन चिठ्ठ्या, तीन खाडे. चौथा परवडत नव्हता, म्हणून ती मोटर जळायची वाट बघत बसली होती.

 अध्यक्षांनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. उलटून मागची बाजूही वाचली, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"बाई, हे तुमच्याकडे कसं?" त्यांनी मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "'तपासणी न झाल्यास ही चिठ्ठी खिडकीवर परत जमा करावी.' तुम्ही तीन जमा केलेल्या नाहीत. केंद्राची मालमत्ता आहे ही."

शंभर टक्के साहेब एकदम खुर्चीत ताठ झाले. "बघा! मी म्हणत होतो ना, वर्षाअखेर तीन चिठ्ठ्या कमी भरतात म्हणून!"

चिठ्ठ्या जमा करून घेण्यात आल्या. दोरा तेवढा तिला परत दिला.

आठ दिवसांत अहवाल आला. चांगला जाड अहवाल होता, पण निष्कर्ष एका ओळीचा: आई उशिरा आली, बाळ लवकर आलं, केंद्र मात्र वेळेवर होतं.

आणखी दीड महिना गेला. एके दिवशी सकाळी काजवाली घरात बसून दुसऱ्या कुणाच्या शर्टाला हाताने बटणं लावत होती, आणि नवऱ्याचा मोबाईल वाजला. केंद्राचा मेसेज होता. त्याने वाचला आणि मोबाईल उताणा ठेवायचा सोडून पालथा ठेवला. पण सासूला वाचता येत होतं, ते सांगितलंच आहे. तिने उचलून वाचला: 'अभिनंदन! आज आपली प्रसूतीची तारीख. कृपया उशीर करू नका.'

"काय आहे, आई?" काजवालीने विचारलं.

"काही नाही गं," सासू म्हणाली. "लावत बस तू बटणं."

आता तुम्ही म्हणाल, काय एकेक नग भरलेत त्या केंद्रात! साहेब काय, डॉक्टर काय, समिती काय! बरोबर आहे, म्हणा. पण जरा मागे जाऊन बघा. पहिल्याच ओळीत होतं, बाईला पाचवा महिना होता आणि ती तपासायला गेली. ती ओळ वाचताना तुमच्या मनात पहिलं काय आलं? पुढे तर पहिलं बाळ गेलेलंही तुम्हाला माहीत होतं. तीन खाडे झालेले माहीत होते. ती दोनदा पिशवीकडे हात नेते तेही दिसत होतं.

एकाने तरी विचारलंत, त्या डबीत काय आहे?